झाकण न उघडता घासलेला कॅन

मंगळवार, ३ तारीख

मी लंगडत नाही.

तुझ्या आईनं डेअरीचा कसलासा व्हिडिओ तुला पाठवला, त्यात मागून जाताना मी दिसले, आणि तू लगेच फोनवर तिला विचारलंस, "आजी लंगडतेय का?" माझ्याबद्दल विचारायचं तर मला विचारावं, एवढी रीत तुला शिकवली होती असा माझा समज होता. त्या दिवशी माझ्या एका हातात कॅन होता. एका हातात कॅन असला की माणूस एका बाजूला कलतंच. तू प्रयोगशाळेतल्या काचेच्या बश्या उचलणारी, तुला काय कळणार.

झालं. आता आशीर्वाद. भिंगरे, तू बरी असशील. जेवत असशील असं धरून चालते.

मी पत्रंच का लिहिते म्हणून परत विचारू नकोस. मला कमी ऐकू येतं, म्हणून हे लोक फोन एवढा मोठ्यानं लावतात की तू तिथं शिंकलीस तरी इथं दूध घालायला आलेले चार जण "काळजी घे" म्हणतात. कागद बरा. कागद ओरडत नाही. शाळा मी अक्षरं जुळण्यापुरतीच बघितली, म्हणून अक्षरांना हसायचं नाही. वाचता आलं ना, मग झालं.

घरचं सगळं ठीक. तुझी आई ठीक, तिचा रक्तदाब ठीक, तिचं बोलणं जास्तच ठीक. तुझा बाप आहे तसाच आहे. पोस्टमन तुझं पत्र घेऊन आला की विचारतो, "कुणाचं?" मी म्हणते, "विजेचं बिल." तो म्हणतो, "एवढं जाड?" आणि कॅन उचलायला जातो. गेल्या वर्षी तू डेअरी सांभाळायला येत नाही म्हणालीस, तेव्हा तो तुला म्हणाला होता, "जंतूच पाळायचे होते तर घरी काय कमी होते, एखादा कॅन न धुता ठेवला असता तुझ्यासाठी." आणि तू म्हणालीस, "तुमच्या कॅनपेक्षा माझ्या बश्या स्वच्छ असतात." दोघांचंही तोंड माझ्यावरच गेलंय, म्हणून मी कुणाला बोलत नाही. पण दोघांचा अबोला धरून वर्ष झालं. भांडण मिटवायला एवढा वेळ मला कधी लागला नाही.

डेअरीत माझं काम आहे तसंच चालू आहे. संध्याकाळी सगळे कॅन धुऊन ओळीनं लागले की मी जाते आणि एकेकाच्या गळ्यात हात घालून आतून बोट फिरवते. बोट अडलं, करकरलं, तर कॅन पास. बोट घसरलं, तर परत घासायचा, मग तो कुणीही धुतलेला असो. तुझी आई अजून म्हणते, "अहो आई, आत्ताच तर औषध टाकून धुतला." मी म्हणते, औषध तू टाकलंस, ते कॅनला कुठं ठाऊक.

आता कामाचं बोलते. आपल्याकडे एक नळी आहे. स्टीलची, गेल्या वर्षी बसवलेली, भारीतली. वर्षभर गुमान चालली. आता काही दिवसांपासून जोडापाशी फुगल्यासारखी झालीय आणि हात लावला तर गरम लागते. डॉक्टरनं (हे खोडलंय, वाचू नकोस) नळीवाल्यानं औषध दिलं. दोन दिवस उतरली, परत फुगली. तू दिवसभर लोखंडाच्या तुकड्यांवर जंतू वाढवून त्यांच्यावर औषधं ओतत बसतेस ना, मग सांग, औषध घातलेलं असताना जंतू परत येतातच कसे? नीट सांग. घाईनं लिहू नकोस, पण लवकर लिही.

तुझी आजी


सोमवार, ९ तारीख

पाकिटाला एवढी चिकटपट्टी कशाला लावतेस? फोडता फोडता आतलं पान फाटलं आणि नेमकी तुझी सही गेली. चिकटणाऱ्या गोष्टींचा तुला नाद आहे हे माहीत आहे, पण आवर जरा.

पत्र समजलं. दोनदा वाचलं. तू त्या थराला जे लांबलचक नाव दिलंस ते माझ्या जिभेवर बसत नाही, मी त्याला चिकटा म्हणते. तुझं म्हणणं असं, की जंतू सुटे हिंडत असतात तोवर औषध त्यांना गाठतं आणि मारतं. पण एकदा का धातूवर टेकले की अंगातून चिकटा सोडतात, त्याचंच छप्पर घालतात आणि आत संसार थाटतात. औषध येतं, वरच्या चार जणांना मारतं, तेवढ्यानं आपल्याला वाटतं काम झालं. खालचे नुसते झोपून राहतात. खात नाहीत, वाढत नाहीत. आणि तुझी बहुतेक औषधं म्हणे खाणाऱ्या-वाढणाऱ्यालाच मारतात, झोपलेल्याला त्यांचं काही लागत नाही. औषध संपलं की हे उठतात आणि परत पहिल्यापासून सुरू.

अगं, हे म्हणजे तुझे धाकटे आजोबा. ह्यांचे भाऊ. आठ दिवसांसाठी म्हणून आले आणि तुझा बाप दाढी करायला लागेपर्यंत राहिले. मी भांडायला उभी राहिले की पांघरूण डोक्यावर घेऊन झोपायचे. झोपलेल्याशी कोण भांडणार? मी दमून आत गेले की उठून चहा मागायचे. त्यांना काढायला शेवटी काय करावं लागलं ठाऊक आहे? खाट उचलून अंगणात नेली. बोलून कुणी हललं नाही.

तू लिहिलंस की औषध वाढवत नेलं तर बशीतला चिकटासुद्धा मरतो, पण तेवढं औषध घालायचं म्हणजे जंतूंच्या आधी नळीचाच जीव जायचा. म्हणून नळीसाठी तुझा सल्ला, आधी घासून चिकटा मोडा, मग औषध घाला, म्हणजे ते पोचतं. हे सांगायला तुला एवढी वर्षं शिकावं लागलं. मला विचारलं असतंस तर चुलीपाशी बसून सांगितलं असतं. असो, तुझ्या तोंडून आलं म्हणून मानते.

मी कामाला लागलेसुद्धा. कॅनचा ब्रश, कोमट पाणी, थोडा सोडा. आतून घासणं सध्या जमण्यातलं नाही, म्हणून बाहेरून घासते. जोर लावला की आत काहीतरी हलत असणारच. वर डॉक्टरच्या, म्हणजे नळीवाल्याच्या गोळ्या चालू आहेत. घासल्यावर तासभर बरं वाटतं. संध्याकाळी मात्र नळीला ताप येतो आणि दोन चादरी घेतल्या तरी थंडी जात नाही.

समोरची शिवणवाली रोज डोकावते आणि म्हणते, "मुलाला सांगा." तिला म्हटलं, दुसऱ्यांचे कपडे शिवतेस, तसं तोंडही शिव जरा. ती गेली खरी, पण जाताना माझ्या पायाकडे बघत गेली. लोकांना उद्योग नाहीत.

तुझ्या बापानं विचारलं, "बिलात काय लिहिलंय?" मी म्हटलं, "वीज जपून वापरा." तो बराच वेळ तिथंच घुटमळला.

तुझी आजी


शनिवार, १४ तारीख

एवढंसं पत्र? मी दोन पानं भरून लिहायची आणि तू तीन ओळींत आटपायचं? "आजी, नळीला ताप कसा येतो? नळी नक्की कुठं आहे? फोटो पाठव." हे पत्र आहे की पोलीस चौकी?

नळी आहे तिथंच आहे. आणि नळीचे फोटो काढायची आपल्यात पद्धत नाही.

इथं सगळं छान चाललंय. घासून घासून वरचं साल निघालं, आता ब्रश लावला की झोंबतं, म्हणून एक दिवस सुट्टी दिली. तुझी आई ब्रश शोधत फिरतेय. "आई, कॅनचा ब्रश बघितलात का?" मी म्हटलं, "मी काय ब्रश खाते?" तो माझ्या उशीखाली आहे. तिला दुसरा आणू दे. जुना झालाच होता, तिलाच कळत नव्हतं.

परवापासून मी डेअरीत जात नाही. म्हणजे मला सवड नाही. कॅन इकडं खोलीत आणायला सांगितले. ते ओळीनं येतात, मी बसल्या जागी बोट घालते आणि निकाल देते. काल तुझा बाप स्वतः कॅन घेऊन आला. माझं बोट घसरलं. मी म्हटलं, "परत." तो म्हणाला, "आई, हा दोनदा घासलाय." मी म्हटलं, "मग तिसऱ्यांदा घास, सवय झालीच असेल." मग मला दिसलं, की माझ्याच बोटाला घाम होता. मी त्याला परत बोलावलं नाही. ज्यानं कॅन बघायचा त्याच्याच हाताला घाम सुटला की निवाडा बिघडतो, हे त्याला कशाला सांगू.

तो दारातून वळून म्हणाला, "तू तिथं का येत नाहीस?"

"पायऱ्या उंच झाल्यात."

"पायऱ्या आहेत तेवढ्याच आहेत."

"मग मी बुटकी झाले. तू जा, दूध तापत ठेवलंय."

दूध तापत नव्हतं. तो जाऊन बघून आला. आला आणि दारातच नुसता उभा राहिला. तुझ्या बापाचं हे वाईट. तू तरी फाडकन बोलतेस.

आता एक विचारते आणि त्याचंच उत्तर दे, बाकी प्रश्न नकोत. समज, नुसतं समज, की अशी नळी माणसाच्या अंगात बसवलेली आहे. तर ती न उघडता बरी होते का? होत असेल तर कसं ते लिही. होत नसेल तर लिहू नकोस. गेल्या वर्षी मी त्या दवाखान्यात पडून होते, तेव्हा भांडं मागायला घंटा वाजवावी लागायची आणि येणारी पोरगी मला "आजीबाई, झालं का?" असं सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं विचारायची. जन्मभर दुसऱ्यांचे कॅन तपासले, शेवटी माझंच भांडं तपासायला लोक. ते मला परत नको. आणि मी खाटेवर पडले की इथं बोट कोण फिरवणार? तुझी आई सगळंच पास करते. तिचा स्वभाव चांगला आहे, डेअरीला तो परवडत नाही.

समज, असं म्हटलंय मी. तेवढं ध्यानात ठेव.

तुझी आजी


गुरुवार, १९ तारीख, दवाखाना

कागद इथल्या नर्सकडून मागून घेतला. पेन शेजारच्या खाटेवरच्या बाईचं. ती दर दोन ओळींनी बघते की मी शाई किती वापरते.

चुगलखोर आहेस.

हे पत्र टपालात जाणार नाही. तू निघाली आहेस असं सांगतात, उद्या सकाळी पोचशील. तरी लिहिते, कारण तोंडावर तू मला बोलू देणार नाहीस. आलीस की हातात देईन आणि तू वाचेस्तोवर खिडकीबाहेर बघेन.

काय झालं ते माझ्याकडून ऐक, तुझ्या बापाकडून ऐकलंस तर अर्धंच कळेल. काल दुपारी त्याचा फोन वाजला. त्यानं नाव बघितलं आणि हातातला कॅन खाली ठेवला. तुझी आई सांगते, भरलेला कॅन त्यानं एवढ्या हळू कधी ठेवला नव्हता. तू एकच वाक्य बोललीस म्हणे, "बाबा, आजीचा गुडघा बघा, आत्ता." आणि तो "बरं" म्हणाला. वर्षभरानंतर बाप-लेक बोलले आणि ते माझ्या गुडघ्यावर.

तो खोलीत आला. "आई, गुडघा दाखव."

"मोठ्या माणसांशी असं बोलतात?"

"आई, दाखव."

दाखवला. दुसरं काय करणार, पळता येत नव्हतं. सुजून भोपळा झाला होता, आणि त्याच्यावर ब्रशच्या रेघा, उभ्या आणि आडव्या, मी नीट काम करते. तो बघतच राहिला.

"हे काय?"

"घासलाय."

"कशानं?"

मी उशीखालून ब्रश काढून दिला. तुझी आई दारातून म्हणाली, "अगंबाई, हा इथं होय." तुझा बाप तिथंच उपड्या कॅनवर बसला आणि आधी हसला, मग हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं. मी दुसरीकडे बघितलं. मग मला उचलून दुधाच्या गाडीत पुढे बसवलं. मागे रिकामे कॅन वाजत होते. मिरवणूक म्हणायची.

आता तुला खरं सांगते, नाहीतर तू उद्या उलटतपासणी घेशील. मागच्या महिन्यात पायाच्या बोटाला गळू झालं होतं. ते बरं झालं, आणि नंतर गुडघा धरला. शेजारच्या डॉक्टरकडे गेले, पण त्याला गळूच परत आलंय असं सांगितलं आणि गुडघा झाकून ठेवला. त्याचा काही दोष नाही, त्याला कॅनचं झाकणच दाखवलं मी. हाडांच्या डॉक्टरनं गेल्या वर्षी गुडघा बदलून धातूचा बसवला तेव्हा बजावलं होतं, गुडघा सुजला, तापला, तर परस्पर गोळ्या खाऊ नका, थेट माझ्याकडे या. ते मला आठवत होतं. म्हणूनच आले नाही.

तर तो हाडांचा डॉक्टर. त्यानं सुई घालून गुडघ्यातलं पाणी काढलं. गढूळ होतं. बघून मलाच कळलं, अशा दुधाला मी डेअरीत पाऊल टाकू दिलं नसतं. तो म्हणाला, गळवातले जंतू रक्तातून जाऊन धातूवर बसलेत. गोळ्यांनी रक्तातले मेले, म्हणून सूज उतरायची. धातूवरचे तसेच. तुझंच सगळं, शब्द फक्त निराळे. मग म्हणाला, "बाई, आतलं बाहेरून घासून निघत नाही." मी म्हटलं, "ते तुमच्या आधी माझ्या कातडीनं सांगितलं." जुन्या टाक्यांवर ब्रश चालवला नाही म्हणून वाचलात, असंही म्हणाला. मी काय एवढी अडाणी आहे का, शिवणीवर कुणी ब्रश मारतं?

त्याला उद्या गुडघा उघडायचाय. उघडून घासणार, भरपूर पाण्यानं धुणार, मधला प्लास्टिकचा तुकडा काढून नवा घालणार, धातू चांगला बसलाय तर राहू देणार. मग औषधं, बरेच महिने. अजून थोडे दिवस काढले असते तर धातूच काढावा लागला असता आणि मग चालणं विसरा, असं म्हणाला. आत्तासुद्धा जमेलच अशी खात्री देत नाही. खरं बोलणारा माणूस आहे, म्हणून मला आवडला नाही.

मी नाही म्हटलं. चांगलं ठणकावून नाही म्हटलं. शेजारची बाई पेन विसरून ऐकत बसली. डॉक्टर गेला, नर्स गेली, तुझ्या आईनं समजावलं, तीही दमली. तुझा बाप कोपऱ्यात उभा होता, ब्रश अजून त्याच्या हातातच होता, गाडीतून तसाच घेऊन आला असावा. तो म्हणाला, "आई, झाकण न उघडता घासलेला कॅन तू आजवर पास केलायस का?"

मी चादर गुडघ्यावर ओढून घेतली.

तो म्हणाला, "एक जरी केला असशील तर घरी जाऊ."

एवढ्या वर्षांत त्या पोरानं माझ्याशी वाद घालून कधी जिंकलं नव्हतं. जिंकला तर जिंकला, वर तोंड खाली घालून उभा राहिला, जसं काही हरला. तुम्ही दोघं एका साच्यातली आहात आणि दोघांनाही ते सांगायची सोय नाही.

मी हो म्हटलं. अट घातली, की घंटा वाजवल्यावर येणाऱ्या पोरीनं हळू बोलायचं. डॉक्टरनं ती मान्य केली आणि कागदावर लिहून घेतली.

तुला यायची काही गरज नव्हती. खाटेशेजारी खुर्ची आहे ती मऊ आहे, खिडकीकडून वारा येतो, एवढं सांगून ठेवते.

वाचलंस? आता दे तो कागद इकडं.

आजी


मंगळवार, २२ तारीख, महिना बदलला

तू गेल्यावर तीन दिवसांनी कळलं की माझा जाड विणलेला मोजा तुझ्या पिशवीत गेलाय. एकच. एक मोजा नेऊन तू काय करणार? बशीत घालू नकोस म्हणजे झालं.

भिंगरे, आशीर्वाद. मी घरी आहे. दवाखान्यातून सुटका झाली, सलाईनच्या नळीवाटे द्यायचं औषध संपलं, आता नुसत्या गोळ्या. दोन जातीच्या आहेत. तू सांगून गेलीस ते पक्कं लक्षात आहे, की त्यातली लाल गोळी चिकट्याच्या आत शिरणारी, पण ती एकटी घेतली तर जंतू तिला लवकर सरावतात, म्हणून दुसरी कायम जोडीला. ही जोडी मी शिवणवालीला समजावली. ती म्हणाली, "म्हणजे सासू आणि सून." मी म्हटलं, "त्यातली लाल कुठली?" ती आपली कात्री शोधायला लागली.

पण एक गोष्ट तू सांगितली नाहीस, ती दवाखान्यातच कळली. लाल गोळीनं लघवी नारिंगी होते. पहिल्या दिवशी मी बघितलं आणि समजले की आता संपलं. घंटा वाजवली. ती पोरगी आली, अटीप्रमाणे हळू बोलली, "आजीबाई, असंच होतं, घाबरू नका." एवढी हळू बोलली की मला ऐकूच आलं नाही. मग तिला ओरडून सांगावं लागलं, आणि सगळ्या खोलीला माझ्या लघवीचा रंग कळला. शेजारच्या बाईनं पेन खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

पाय दुमडतो. वॉकर धरून डेअरीपर्यंत जाते. डॉक्टर दर थोड्या दिवसांनी रक्त काढतो, आकडे उतरतायत म्हणतो, पण गोळ्या संपून वर काही महिने जाईपर्यंत "बरं झालं" हा शब्द तोंडातून काढणार नाही म्हणतो. मीही कॅन सकाळी दुधानं भरून संध्याकाळपर्यंत दूध टिकलं तरच मानते, म्हणून त्याच्यावर माझा राग नाही. गोळी चुकवत नाही. तुझी आई समोर उभी राहून गिळल्याशिवाय हलत नाही, आणि मग म्हणते, "जीभ उचला." सुनेचा जन्म सार्थकी लागला.

परवा कॅनची ओळ लागली होती. मी वॉकर टेकवला, हात घातला, बोट फिरवलं. पाचसहा पास. एक घसरला. तुझी आई म्हणाली, "परत घासते." मी काहीच बोलले नव्हते. तिनं स्वतःच आधी बोट घातलं होतं, वर तो मुद्दाम ओळीत ठेवला होता, माझं बोट पूर्वीसारखं ओळखतं की नाही ते बघायला. बाई सुधारली.

आता दवाखान्यातलं. मी आत भुलीत पडले होते, म्हणून बाहेर काय झालं ते मला तुम्हा दोघांकडून ऐकावं लागलं, आणि दोघांचं जुळत नाही. त्याआधीचं तर मी स्वतः ऐकलं होतं. तू आलीस, खुर्चीवर बसलीस, आणि म्हणालीस, "आजी, बाबांना सांग चहा गार होतोय." तो तुझ्यापासून हातभर अंतरावर. तो म्हणतो, "आई, तिला सांग मी पितो." मी गुडघा घेऊन पडलेली आणि वर टपाल वाटायचं. मला आत नेलं तेव्हा सुटले असं वाटलं.

तुझं म्हणणं, डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, "सगळं घासून धुतलं," आणि बाबांनी विचारलं, "बोट फिरवून बघितलंत का?" डॉक्टर नुसता बघत राहिला, आणि आधी बाबा हसले. तुझ्या बापाचं म्हणणं, आधी ती हसली. डॉक्टरचं म्हणणं मी विचारलं. तो म्हणाला, "दोघंही हसत होते, मला वाटलं धक्का बसलाय, मी बसायला सांगितलं." आणि बोट फिरवलं होतं का, तेही विचारलं. फिरवलं होतं म्हणाला, हातमोज्यातून. हातमोज्यातून काय डोंबल कळतं, पण तो डॉक्टर आहे.

हसलात ते ठीक. पण हसून झाल्यावर तू परत गेलीस आणि टपाल परत माझ्याकडं. तुझ्या मागच्या पत्रात शेवटी लिहिलंस, "बाबांना विचार, प्रयोगशाळा बघायला येतील का. चिकटा मोडणारं नवं काहीतरी तपासतोय, बशीत बोट घालायला देणार नाही, पण काचेतून दाखवीन." मी त्याला वाचून दाखवलं. त्यानं विचारलं, "ती असं म्हणाली?" मी म्हटलं, "कागद तुझ्यासमोर आहे." तो कॅन उचलून बाहेर गेला. आत आला. कॅन रिकामाच होता, तो कुठं नेत होता कुणास ठाऊक. म्हणाला, "आई, तिला लिही की—" आणि थांबला.

मी म्हटलं, मी काही लिहीत नाही. मी आजारी माणूस. पंधरा दिवस दोघांच्या मधे नळीसारखी पडून होते, आता ती उघडून धुतलीय, परत चिकटा नको.

तर ऐक. या कागदाची मागची बाजू मी कोरी ठेवलीय. पेन त्याच्यापुढं ठेवलं आणि मी शिवणवालीकडे जाऊन बसले. परत आले तेव्हा पाकीट बंद होतं आणि पत्ता त्याच्या अक्षरात होता. मागे काय लिहिलंय, किती लिहिलंय, काही लिहिलंय की नाही, मी बघितलेलं नाही. मला विचारू नकोस. त्याचे हात मात्र शाईनं भरले होते आणि संध्याकाळी त्यानं धुतलेला प्रत्येक कॅन पास झाला.

(हे शेवटचं मी पाकीट परत फोडून घातलंय. फोडलं तरी मागची बाजू वाचली नाही. चिकटपट्टी लावलीय, तुझ्यासारखी.)

उत्तर त्याला लिही. पाकिटावर त्याचं नाव घाल, माझं नको. माझ्या नावानं काही आलं तर न फोडता परत पाठवीन, मग आत माझा मोजा असला तरी चालेल.